वाफेवाटे जनुक

डिसेंबर लागला की कोपरखैरण्यात आमच्या इमारतीत संध्याकाळी दोन-तीन घरांतून नेब्युलायझरची घरघर सुरू होते. माझा भाचाही मास्क लावून कार्टून बघत बसतो. आई म्हणते, "वाफ घेतोय." खरं तर ती वाफ नाही, गार तुषार आहेत. पाच मायक्रॉनपेक्षा बारीक थेंब फुफ्फुसात खोलवर जातात, मोठे घशातच अडकतात.

याच तुषारांतून जनुक पाठवता येईल का? सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात एकच जनुक बिघडतं आणि श्वासनलिकांतला कफ गोंदासारखा घट्ट होतो. ते जनुक १९८९ मध्ये सापडलं, तेव्हा वाटलं, आता चांगली प्रत पोचवली की काम झालं. पण डीएनएवर ऋण भार, पेशीच्या आवरणावरही ऋणच. दोघांचं जमत नाही. त्यावर तोड १९८७ मध्येच निघाली होती: धनभारित मेद. तो डीएनएला लपेटून घेतो आणि पेशी ते गाठोडं गिळते.

गिळते खरी, पण एका पिशवीत कोंडते. पिशवीतलं आम्ल वाढायच्या आत बाहेर पडलं नाही, तर माल तिथेच जिरतो. बहुतेक माल जिरतोच. सुटलेल्या डीएनएला पुढे केंद्रकात शिरायचं असतं. डीएनएऐवजी एमआरएनए, म्हणजे जनुकाची तात्पुरती नक्कल पाठवली, तर ही शेवटची पायरी वाचते, कारण तिचं काम केंद्रकाबाहेरच चालतं.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्राशी नाव जोडलेली कार-टी ही कर्करोगावरची उपचारपद्धती या भानगडीतून सुटते. रक्तातल्या पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत विषाणूकरवी त्यांत जनुक घालायचं, पेशी परत द्यायच्या. फुफ्फुस असं काढून टेबलावर ठेवता येत नाही.

ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या १३६ रुग्णांनी वर्षभर, महिन्यातून एकदा असे तुषार घेतले; काहींना खरे, काहींना नुसतं सलाइन. २०१५ मध्ये निकाल आला: श्वासाच्या क्षमतेत ३.७ टक्क्यांचा फरक. तोही मुख्यतः सलाइनवाल्यांची क्षमता घसरली आणि जनुकवाल्यांची टिकली म्हणून. माझ्या मते हे थोडं नाही, पण याला इलाजही म्हणवत नाही.

एक अडचण यंत्राचीच. हवेच्या झोताने बनलेले बहुतेक थेंब आतल्या अडसरावर आपटून पुन्हा कपात पडतात, पुन्हा उडतात. साध्या औषधाला त्याचं काही नाही, पण मेदाचे नाजूक कण या आपटाआपटीत फुटतात, एकमेकांना चिकटतात. म्हणून बारीक जाळीतून थेंब सोडणारी यंत्रं वापरून पाहतात.

भाच्याचं यंत्र जुन्या पद्धतीचं. शेवटी ते फुरफुरायला लागलं की आई कपाला दोन टिचक्या मारते, कडेचे थेंब खाली उतरतात आणि घरघर आणखी मिनिटभर चालते.