तट्टाची घोडी फळवण्याआधी
(मेंढपाळ आणि घोडेवाल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

राम राम मंडळी. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा जवळ आली की आमच्याकडे एकच विचारणा सुरू होते : "घोडी नुकऱ्याला दाखवू का? शिंगरू उंच येईल." नुकरा म्हणजे पांढरा, उंच घोडा. शिंगरू उंच येईलही, दामही बरा मिळेल. पण घोडी 11 महिने गाभण राहते. म्हणजे त्या वर्षी तिच्या पोटी तुमच्या वाणाचं शिंगरू येत नाही. कळपात घोड्या दोन-चारच असतील, तर हा तोटा मोठा.

मेंढरांमागे बिऱ्हाड वाहून नेणारं, कोरड्या चाऱ्यावर तग धरणारं बुटकं तट्टू मारवाडी किंवा काठेवाडीच्या रांगेत कुणी बघत नाही. तरी भीमा खोऱ्यातल्या धनगरांनी सांभाळलेला भीमथडी घोडा आज देशातली आठवी नोंदणीकृत घोड्याची जात आहे. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या आपल्या ठेलारी समाजाच्या वाड्यांवरचं प्रत्येक तट्टू भीमथडीच असेल, असं आम्ही म्हणत नाही. नुसतं बघून ते ठरत नाही. म्हणून आधी नोंद करा, मग फळवा.

दुसरी अडचण घरातलीच. एकच नर घोडा वर्षानुवर्षं वापरला की त्याच्याच लेकी त्याला दाखवल्या जातात. बाप-लेकीच्या शिंगरात अंतःप्रजननाचं (जवळच्या नात्यातल्या जोडीतून होणाऱ्या पैदाशीचं) प्रमाण 25 टक्के येतं, सावत्र भावंडांच्या शिंगरात 12.5 टक्के. दोन्हीकडे दडलेला दोष मग एकत्र येतो. घोडी गाभण राहत नाही, शिंगरू अशक्त निघतं. यावर औषध नाही, नर बदलणं हाच उपाय. शेजारच्या वाड्याशी नराची अदलाबदल करा, आम्ही मध्ये राहून जुळवून देतो. चांगला नर खच्ची करण्याआधीही एकदा आम्हाला विचारा.

नातं तपासायला केस लागतात. शेपटीचे किंवा आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटा, कात्रीने कापू नका. टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तरच त्यातून डीएनए निघतो. केस कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. एका पाकिटात एकच जनावर. आईबरोबर शिंगराचे आणि ज्या नराला घोडी दाखवली त्याचेही केस द्या, म्हणजे बाप कोण याचा वादच राहत नाही.

घोडी साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि पाच-सात दिवस राहते. बीज सुटतं ते माजाच्या शेवटी, तेव्हा पहिल्याच दिवशी धावपळ नको. सोनोग्राफी करून आम्ही दिवस सांगतो.

यात्रेतून आणलेलं जनावर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्त तपासणी होईपर्यंत वेगळं बांधा, त्याची बादलीही वेगळी ठेवा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर कायद्याने मारावं लागतं.

केसांची पाकिटं आमच्याकडे फुकट मिळतात. तपासणीचा खर्च आधी सांगतो, मग नमुना पाठवतो. पाकिटावर घोडीचं नाव, रंग आणि आईचं नाव पेन्सिलीने लिहा, शाई पसरते.