कुतुबला अडीच तास कशाला? : दिल्ली सहलीच्या पाहुण्यांसाठी

वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की पहिला फोन बहुतेक वेळा याच ओळीवरून येतो. "कुतुबमिनार, सकाळी, अडीच तास." मिनार काय बसमधूनही दिसतो, फोटोला दहा मिनिटं पुरे, उरलेला वेळ खरेदीला द्या ना! दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

आधी मिनाराचं उरकू. वर चढता येत नाही. 1981 च्या डिसेंबरात आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन 45 माणसं गेली, तेव्हापासून 379 पायऱ्यांचा तो जिना बंद आहे. कोणाच्याही ओळखीने तो उघडत नाही, आमच्याही नाही. खालून मान वर करून 72.5 मीटर पाहायचे, एवढंच.

अडीच तास लागतात ते मिनाराशेजारच्या मशिदीला. कुव्वत-उल-इस्लाम मशीद कुतुबुद्दीन ऐबकाने 1190 नंतरच्या दशकात बांधायला घेतली. पुढे इल्तुतमिशने आणि अलाउद्दीन खलजीने ती वाढवली. दिल्लीच्या सुलतानांची ही पहिली मोठी मशीद. बांधणारे हात मात्र इथल्याच पाथरवटांचे, आणि त्यांना कमानीची सवय नव्हती. पाहण्याची गंमत त्यातच आहे.

चौकाच्या पश्चिमेला 1199 साली उभारलेली उंच कमानींची दगडी भिंत आहे. तिला पडदा म्हणतात. मधल्या मोठ्या कमानीसमोर उभे राहा आणि नक्षी सोडून आधी दगडांचे सांधे पाहा. सांधे आडवे आहेत. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा पुढे काढत दोन्ही बाजू वर जाऊन भेटवल्या आहेत. आकार कमानीचा, पण हात देवळाच्या छताचा. अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलं असेल तर सभामंडपाचं छत आठवा : थरावर थर पुढे सरकवत वर्तुळ लहान लहान करत नेलेलं. तीच युक्ती इथे उभ्या भिंतीत वापरली आहे. नक्षीतही कुराणातल्या ओळींच्या मागून वेली अशा वळणदार फिरतात की त्या कोरणाऱ्याचा हात ओळखीचा वाटतो.

आता दक्षिणेकडे चालत अलाई दरवाजाशी या. साल 1311, अलाउद्दीन खलजीचं काम. इथल्या कमानीचे सांधे पाहा. ते आडवे नाहीत, पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेत. दगड पाचरीसारखे घडवून एकमेकांना दाबून धरलेत. ही खरी कमान, आणि वर खरा घुमट. चार पावलांच्या अंतरात शंभराहून अधिक वर्षांचं शिक्षण दिसतं. हे कळल्यावर दोन्हींमध्ये पुन्हा फेऱ्या मारणारे पाहुणे आम्ही पाहिले आहेत, त्यात खरेदीचा फोन करणारेही होते.

आता आमची तक्रार. फाटकातून आत गेल्या गेल्या निम्मा गट मिनाराकडे धावतो. तळहातावर मिनार धरल्याचा फोटो हवा असतो, त्यासाठी लांब जावं लागतं, आणि प्रत्येक जण वेगळ्या दिशेला लांब जातो. मग मोजणी. मागच्या डिसेंबरात एक काका हिरवळीवर निवांत बसले होते आणि फोन सायलेंटवर. त्यांना शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. तोवर बाकी सगळे वैतागलेले, आणि शेवटी अलाई दरवाजा लांबूनच दाखवून बसमध्ये बसवावं लागलं. म्हणून आमचा क्रम उलटा आहे : आधी मशीद, मग अलाई दरवाजा, शेवटी मिनार आणि फोटोंना मोकळी पंचवीस मिनिटं. मिनार कुठे पळून जात नाही.

सकाळचीच वेळ का, हेही विचारतात. पडद्याचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचं ऊन थेट नक्षीवर पडतं, दुपारनंतर ती सावलीत जाते. दुपारी नेणं आम्हालाही सोपं पडलं असतं, सकाळच्या नाश्त्याची घाई वाचली असती. शिवाय सोमवारी लाल किल्ला बंद असतो, कुतुब उघडं असतं, त्यामुळे आमचा कुतुबचा दिवस बहुधा सोमवारच असतो.

खांबांबद्दल. चौकाभोवतीचे खांब देवळांचे आहेत. पूर्वेच्या दरवाजावरच्या फारसी लेखातच 27 देवळांचं सामान वापरल्याचं लिहिलं आहे. उंची कमी पडली म्हणून खांबावर खांब ठेवलेत, जोड सहज दिसतो. साखळीला टांगलेल्या घंटा दिसतात, कीर्तिमुखं दिसतात, चेहरे छिनलेल्या मूर्तीही दिसतात. आम्ही लेखाचा अर्थ सांगतो, खांब दाखवतो, काही झाकत नाही. मतं प्रत्येकाची असणारच. ती बसमध्ये मांडावीत ही विनंती, कारण चौकात रंगलेल्या वादाचा वेळ शेवटी अलाई दरवाजातूनच कापला जातो.

चौकातल्या लोहस्तंभाला पाठ लावून हात मागे भिडवायचे, ही आठवण साठीच्या पुढच्या बऱ्याच पाहुण्यांकडे असते. 1997 पासून भोवती कुंपण आहे. गुप्तकाळातला सहा टनांहून जड खांब अजून का गंजला नाही, ते तिथे सांगू. लोखंडातला फॉस्फरस त्यातलं मोठं कारण आहे.

किरकोळ गोष्टी. ही संरक्षित वास्तू असल्यामुळे चौकात चप्पल काढावी लागत नाही, स्त्रियांना सगळीकडे जाता येतं. फरसबंदी उंचसखल आहे, टाचांचे सँडल नकोत. चिवडा-लाडवांची पिशवी बसमध्येच राहू द्या. तिकीट आमच्या पैशांत धरलेलं आहे, मात्र परदेशी पासपोर्टवाल्यांचा दर वेगळा असतो. तिकडून आलेली मुलं-नातवंडं सोबत असतील तर नोंदणीच्या वेळीच सांगा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल तर मूळ कार्ड जवळ ठेवा.

गट आम्ही अठरा जणांचाच ठेवतो. त्यामुळे माणशी खर्च थोडा जास्त येतो, हे मान्य. पण चाळीस जणांना एका कमानीचे सांधे दाखवता येत नाहीत, मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात.

नोंदणी केलेल्या पाहुण्यांना निघण्याच्या आधीच्या रविवारी आम्ही अंबरनाथचं देऊळ दाखवायला नेतो, त्याचे पैसे घेत नाही. सकाळी साडेसातला स्टेशनबाहेर भेटायचं. घरात दुर्बीण असेल तर तेव्हाच घेऊन या, छत पाहायला लागेल, आणि नंतर मिनारावरच्या लेखांच्या पट्ट्यांनाही.