पाक स्वच्छ दिसतो, मग अहवालात दोन आकडे कशाला?

आमच्या प्रयोगशाळेच्या अहवालात पाकाच्या किंवा उसाच्या रसाच्या प्रत्येक नमुन्यासमोर दोन आकडे असतात. एक ‘पोल’चा, म्हणजे प्रकाशाच्या वळण्यावरून काढलेल्या साखरेच्या प्रमाणाचा, दुसरा विखुरलेल्या प्रकाशाचा. दुसऱ्याचे पैसे का लावता, असं काही ग्राहक स्पष्टच विचारतात.

आधी पोल. एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश साखरेच्या द्रावणातून गेला की ते प्रतल उजवीकडे वळतं. १०० मिलिलिटरमध्ये २६ ग्रॅम शुद्ध साखर, २० सेंटिमीटर नळी, २० अंश सेल्सिअस आणि सोडियमचा पिवळा प्रकाश असेल तर सुमारे ३४.६ अंश. पोलच्या मापावर हेच १००.

पण प्रतल कोणी वळवलं, हे यंत्राला कळत नाही. पाक आम्लात तापला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. फ्रुक्टोज डावीकडे जोरात ओढतं आणि पोल घसरतो. शिळ्या रसात याच्या उलटही घडतं. जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा मोठ्या रेणूंचा चिकट पदार्थ तयार करतात आणि ते साखरेच्या जवळपास तिप्पट उजवीकडे वळवतं. माल बिघडलेला, आकडा मात्र वधारलेला!

म्हणून आम्ही नळीकडे बाजूनेही बघतो. लांब काचनळीत दाट पाक भरून अंधारात ध्रुवित प्रकाशाचा झोत सोडला की बाजूने उजळ-काळे पट्टे दिसतात. कंप ज्या दिशेने होतो त्या दिशेला प्रकाश जवळजवळ विखुरत नाही, आणि ती दिशा पुढे पुढे वळत जाते. (नवीन मुलांना आम्ही हे पहिल्याच दिवशी दाखवतो.) पाक गढूळ असेल तर प्रकाश कणाकणांवर आपटून ध्रुवण गमावतो आणि पट्टे पुसट होतात. डेक्स्ट्रान, स्टार्च यांचे मोठे रेणूही साखरेपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश विखुरतात.

नुसत्या विखुरलेल्या प्रकाशाच्या आकड्यावर दोष कशाचा ते ठरत नाही. नमुना बारीक गाळून पुन्हा मोजतो. आकडा कोसळला तर तरंगता गाळ. फारसा हलला नाही तर बहुधा विरघळलेले मोठे रेणू, आणि मग डेक्स्ट्रानची वेगळी चाचणी करून घ्याच.

नमुना ताजा, थंड आणि बाटली गळ्यापर्यंत भरून पाठवा. हलवून फेस आणू नका, बुडबुडेही प्रकाश विखुरतात. गाळण्यासाठी भुकटी वापरली असेल तर लेबलवर तसं लिहा.