किडस्टन, ग्लेन

(२३ जानेवारी १८९९ – ५ मे १९३१). ब्रिटिश नौदल अधिकारी, मोटार शर्यतपटू व वैमानिक. पूर्ण नाव जॉर्ज पिअरसन ग्लेन किडस्टन. १९३० च्या फ्रान्समधील ले मान्स येथील चोवीस तासांच्या मोटार शर्यतीचे ते सहविजेते होते. १९३१ मध्ये इंग्लंड ते केप टाऊन हे अंतर साडेसहा दिवसांत विमानाने पार करून त्यांनी विक्रम केला आणि त्यानंतर महिन्याभरातच वयाच्या बत्तिसाव्या वर्षी विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. मृत्यूला वारंवार चकवणारा श्रीमंत छांदिष्ट अशीच त्यांची ओळख बहुधा करून दिली जाते. ती अपुरी आहे.

किडस्टन यांचा जन्म लंडनचा. घराणे स्कॉटलंडमधील, धातूंचा व्यापार आणि जहाज वाहतूक यांतून त्याने मोठी संपत्ती मिळवली होती. वडील १९१३ मध्ये वारले. मुलगा मात्र पेढीवर न बसता नौदलात गेला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा पंधरा वर्षांचा हा शिकाऊ अधिकारी ‘हॉग’ या क्रूझरवर होता. २२ सप्टेंबर १९१४ रोजी सकाळी नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ ‘यू-९’ या एकाच जर्मन पाणबुडीने ‘अबुकिर’, ‘हॉग’ आणि ‘क्रेसी’ ही तीन जहाजे सुमारे दीड तासात बुडवली. ‘हॉग’ला टॉर्पेडो लागला तो बुडत्या ‘अबुकिर’वरील माणसांना वाचवायला गेली असताना. चौदाशेहून अधिक लोक गेले, किडस्टन वाचले. पुढे ‘ओरायन’ या युद्धनौकेवरून त्यांनी १९१६ च्या जटलंडच्या लढाईत भाग घेतला, नंतर पाणबुडी विभागात काम केले आणि लेफ्टनंट कमांडर या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले. यंत्र नीट समजून घ्यायचे आणि मगच त्याच्यावर भरवसा टाकायचा, ही त्यांची पुढील आयुष्यात दिसणारी शिस्त याच नोकरीत घडली असावी.

विसाच्या दशकात ते मोटार शर्यतींकडे वळले. प्रथम फ्रान्समधील बुगाटी आणि नंतर ब्रिटिश बेंटली या शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्या मंडळींपैकी ते एक झाले. हिऱ्यांच्या व्यापारातील पैसा बेंटली कंपनीत घालून तिचे अध्यक्ष झालेले वुल्फ बार्नाटो हे त्या गटाचे केंद्र. बार्नाटो, टिम बर्किन, बर्नार्ड रुबिन आणि किडस्टन यांची बिऱ्हाडे लंडनच्या ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये जवळजवळ होती. १९२९ च्या ले मान्स शर्यतीत बेंटलीच्या गाड्यांनी पहिले चारही क्रमांक पटकावले. किडस्टन आणि जॅक डनफी यांची साडेचार लिटरची गाडी दुसरी आली.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला क्रॉयडन विमानतळावरून निघालेल्या लुफ्तहान्साच्या तीन इंजिनांच्या युंकर्स विमानात किडस्टन प्रवासी होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात सरे परगण्यात मार्डन पार्क येथे धुक्यात हे विमान झाडांवर आदळून कोसळले आणि पेटले. जळत्या सांगाड्यातून वाट फोडून किडस्टन बाहेर पडले. अंगावरचे कपडे पेटलेले होते. ओल्या गवतात लोळून त्यांनी ते विझवले. विमानात आठ जण होते. दुसरे वैमानिक जखमी अवस्थेत बाहेर निघाले, पण लवकरच दगावले. शेवटी जगले ते एकटे किडस्टन. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असे आपण अशा वेळी म्हणतो. पण या म्हणीत त्या माणसाची धडपड झाकली जाते. आग लागल्यावर हातात जे काही क्षण होते, त्यांत काय करायचे हे त्यांना सुचले आणि जमले, म्हणून ते वाचले.

या अपघातानंतर साडेसात महिन्यांनी, २१–२२ जून १९३० रोजी, ते पुन्हा ले मान्सच्या आरंभरेषेवर होते. या वेळी जोडीदार खुद्द बार्नाटो आणि गाडी सहा सिलिंडरची ‘स्पीड सिक्स’. समोर रुडॉल्फ काराचिओला आणि ख्रिश्चन वेर्नर यांची सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेली मर्सिडीज होती. तिला स्वस्थ पळू द्यायचे नाही, सतत मागे लागायचे, हा बेंटलीचा डाव. बर्किन यांनी आपल्या गाडीचे टायर फाटेपर्यंत तो खेळला. पुढे बार्नाटो–किडस्टन यांनी दाब सोडला नाही. रात्री विजेच्या यंत्रणेत बिघाड होऊन मर्सिडीज बाद झाली. त्यानंतर उरलेले तास गाडी जपून हाकणे हे कामही सोपे नव्हते. दोघांनी सुमारे २,९३० किमी. अंतर कापून विजय मिळवला. त्यानंतर बेंटली कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. पुढच्याच वर्षी ती दिवाळखोरीत निघाली.

किडस्टन यांचे लक्ष आता विमानांकडे होते. त्यांनी अमेरिकेहून लॉकहीड कंपनीचे ‘व्हेगा’ विमान आणवले. त्या काळच्या युरोपीय विमानांच्या मानाने ते फार वेगवान होते. पुढे वायली पोस्ट आणि अमीलिया इअरहार्ट या अमेरिकन वैमानिकांचे मोठे विक्रमही व्हेगा विमानांतूनच झाले. किडस्टन यांच्या विमानाचा नोंदणी क्रमांक ‘जी-एबीजीके’ होता. शेवटची दोन अक्षरे म्हणजे त्यांचीच आद्याक्षरे. ३१ मार्च १९३१ रोजी विल्टशरमधील नेदरएव्हन येथून ते निघाले. सोबत नौदलातील अनुभवी वैमानिक ओवेन कॅथकार्ट-जोन्स होते. ६ एप्रिलला ते केप टाऊनला उतरले. हा निव्वळ हौशी विक्रम नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. टपालबोटीला साउदॅम्प्टनहून केप टाऊन गाठायला सतरा दिवसांच्या आसपास लागत आणि इम्पिरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची केप टाऊनपर्यंतची नियमित सेवा सुरू व्हायला १९३२ साल उजाडावे लागले. हा मार्ग वेगवान विमानांनी किती लवकर पार होऊ शकतो, याचा दाखला या उड्डाणाने आधीच दिला होता.

किडस्टन दक्षिण आफ्रिकेतच थांबले. ५ मे १९३१ रोजी आफ्रिकेतील हवाई मार्गांचे जाणकार कॅप्टन ग्लॅडस्टन यांच्यासह ते डी हॅविलंडच्या उसन्या घेतलेल्या ‘पस मॉथ’ विमानातून ड्रेकन्सबर्ग पर्वतावरून जात होते. जोरदार वाऱ्यात विमान हवेतच मोडले आणि दोघेही जागीच ठार झाले. एवढ्या संकटांतून सुटलेला माणूस एका छोट्या प्रवासी विमानात गेला, याला नियती म्हणणे सोपे आहे. पण त्या काळात पस मॉथ विमाने हवेत मोडण्याच्या घटना इतरत्रही घडल्या होत्या. ब्रिटनमध्ये त्यांचा कसून अभ्यास झाला. विशिष्ट परिस्थितीत पंख आणि त्याला पेलणाऱ्या तिरक्या दांड्या थरथरू लागत व ती थरथर वाढत जाऊन पंखच निखळे. मग या दांड्यांना एक छोटा जादा आधार जोडण्यात आला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते याच जातीच्या विमानातून.

किडस्टन यांच्या मागे पत्नी आणि लहान मुलगा होता. वेल्समधील ग्लासबरी येथे त्यांचे दफन झाले. त्यांचे व्हेगा विमान १९३४ च्या इंग्लंड–ऑस्ट्रेलिया हवाई शर्यतीत उतरले, पण सीरियातील अलेप्पो येथे उतरताना उलटून शर्यतीबाहेर गेले. त्याच शर्यतीत कॅथकार्ट-जोन्स डी हॅविलंडच्या ‘कॉमेट’ विमानातून मेलबर्नला पोहोचले.