प्रतिक्रियांच्या ढिगात नाशिककर किती?

समजा, नाशिकमधल्या एखाद्या स्थानिक बातमीपत्राने संध्याकाळी फेसबुकवर प्रश्न टाकला: मेन रोड आणि शालिमार भागातले फेरीवाले हटवावेत का? रात्रभर प्रतिक्रिया येत राहिल्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी चिकाटीने मोजदाद केली. एका माणसाला एकदाच मोजले, तर लिहिणारे निघाले ५,०००. त्यातले ३,२०० म्हणतात 'हटवा', १,८०० म्हणतात 'राहू द्या'. म्हणजे ६४ टक्के! आता 'नाशिककरांचा कौल' असा मथळा यायला कितीसा वेळ लागणार?

हेच गणित उलट्या बाजूने मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. आज ती बरीच जास्त आहे, पण हिशेब सोपा राहावा म्हणून प्रौढ माणसे १० लाख धरू. असेही धरू की शहराचे मत अगदी निम्मे-निम्मे आहे, ५ लाख या बाजूला आणि ५ लाख त्या बाजूला. 'हटवा' म्हणणाऱ्यांपैकी दर १०,००० माणसांत ६४ जणांनी लिहिले आणि 'राहू द्या' म्हणणाऱ्यांपैकी ३६ जणांनी, तर आकडे नेमके ३,२०० आणि १,८०० असे येतात. दहा हजारांत अवघ्या २८ माणसांचा फरक, आणि ५० टक्क्यांचे ६४ झाले. शहरात एकाही माणसाने मत बदललेले नाही. एका बाजूच्या लोकांना लिहायचा उत्साह किंचित जास्त होता, एवढेच.

खरी गोम पुढे आहे. ५,००० माणसे जर चिठ्ठ्या टाकून निवडली असती, तर अंदाज सव्वा-दीड टक्का इकडेतिकडे झाला असता. त्यामुळे '५,००० लोक म्हणजे काही कमी नाहीत' हा युक्तिवाद ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध वाटतो. पण तो नियम चिठ्ठ्यांचा आहे. आपण होऊन पुढे आलेल्यांना तो लागू होत नाही. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ श्याओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये ही चूक मोजायचे सूत्र मांडले. त्यात तीन गोष्टींचा गुणाकार असतो. पहिली, माणसाचे मत आणि त्याचे बोलणे-न बोलणे यांतला सहसंबंध (नाते नसेल तर ०, पुरते असेल तर १). दुसरी, न बोललेल्यांच्या संख्येला बोललेल्यांच्या संख्येने भागून येणाऱ्या उत्तराचे वर्गमूळ. तिसरी, मतांमधला मुळातला फरक. दोनच बाजू आणि मते निम्मी-निम्मी असतील तेव्हा तो सर्वांत जास्त, म्हणजे ०.५ असतो. आपल्या उदाहरणात सहसंबंध फक्त ०.०२ आहे, एरवी कोणी ढुंकूनही पाहणार नाही इतका क्षुल्लक. वर्गमूळ येते १४.१ आणि मतांतला फरक ०.५. गुणाकार ०.१४, म्हणजे १४ टक्क्यांची चूक. तेवढ्याच चुकीचा अंदाज हवा असेल तर चिठ्ठ्या टाकून १२-१३ माणसे निवडली तरी पुरतात. ५,००० जणांच्या प्रतिक्रियांचे वजन भरले ते एवढे.

लिहिणारे दुप्पट झाले आणि उत्साहाचे प्रमाण ६४ ला ३६ असेच राहिले, तर चूकही १४ टक्क्यांवरच राहते. फक्त आपला आत्मविश्वास वाढतो.

हे निव्वळ कागदावरचे नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत कोविड लसीकरणाचा अंदाज घेण्यासाठी फेसबुकच्या वापरकर्त्यांमध्ये एक मोठी पाहणी चालू होती. दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरे देत. मे महिन्यात तिचा अंदाज प्रत्यक्ष लसीकरणापेक्षा १७ टक्के बिंदूंनी जास्त निघाला. त्याच काळात काळजीपूर्वक निवडलेल्या सुमारे हजार लोकांची दुसरी एक पाहणी वास्तवाच्या कितीतरी जवळ होती.

मराठी माणसाला याचे घरचे उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या नमुन्यांवर काम केले. शेताचा छोटा तुकडा आखून त्यातले धान्य कापायचे, तोलायचे आणि त्यावरून एकरी उतारा काढायचा, ही पद्धत. त्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान असेल तर उतारा फुगतो. आखलेल्या रेषेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणारा नकळत ते आत घेतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड मोठी आणि कडेवरची रोपे जास्त. असे लहान तुकडे दहापट वाढवले तरी फुगवटा कमी होत नाही, कारण चूक प्रत्येक तुकड्यात एकाच दिशेने होते. ऑनलाइन चर्चेत कडेवरची रोपे म्हणजे त्या प्रश्नावर आधीच तापलेली माणसे.

फेरीवाल्यांच्या प्रश्नात कोण लिहिणार नाही, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. स्वतः फेरीवाला तर नाहीच. रात्री नऊला चर्चा रंगते तेव्हा तो माल आवरत असतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला असलेला कामगार नाही. आडगाव-मखमलाबादचा बागायतदार ऑक्टोबरच्या द्राक्ष छाटणीत असेल, तर त्याला मेन रोडशी काही देणेघेणे असूनही नाही. जुन्या नाशकातल्या ज्या बाईला तिथेच स्वस्तात कपडे मिळतात, तिच्या घरातला फोन बहुधा मुलाच्या हातात. उलट गाडी लावायला जागा न मिळालेला माणूस घरी पोहोचायच्या आत तीन ओळी टाकून मोकळा होतो.

याशिवाय फोन हातात असून गप्प राहणारे असतात. लोकांपासून वेगळे पडण्याच्या भीतीने माणसे तोंड मिटतात आणि त्यामुळे दुसरी बाजू आणखी बलवान दिसते, असे जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी १९७४ मध्ये मांडले होते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या प्यू या जनमत पाहणी संस्थेने हे एका वादग्रस्त विषयावर तपासले. सरकार नागरिकांच्या फोनवर पाळत ठेवते, या विषयावर प्रत्यक्ष बोलायला ८६ टक्के लोक तयार होते. फेसबुक-ट्विटर वापरणाऱ्यांपैकी तिथे लिहायला तयार होते फक्त ४२ टक्के. गावपातळीवर तर नाव-गाव-दुकान सगळे ओळखीचे असते. ज्याच्या दुकानापुढच्या ओट्यावर फेरीवाला भाडे देऊन बसतो, तो दुकानदार जाहीरपणे काय लिहील?

पहिल्या काही प्रतिक्रिया पुढच्यांना वळण लावतात, हेही मोजले गेले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रिया घेतल्या आणि त्यातल्या काहींना येताक्षणी एक खोटी पसंती देऊन टाकली. पुढच्या वाचकाने तिथे पसंतीच देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अखेरचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी चढले. खोटी नापसंती मात्र वाचकांनी भरून काढली. राजकीय कार्यकर्ते पोस्ट पडल्या पडल्या धावून का येतात, याचे उत्तर इथे आहे.

तरीही मोजायचेच असेल, तर निदान नीट मोजावे. फेसबुकवर प्रतिक्रिया आधी 'सर्वाधिक संबंधित' या क्रमाने दिसतात, म्हणजे ज्यांना प्रतिसाद जास्त त्या बहुधा वर. तो क्रम बदलून 'सर्व प्रतिक्रिया' करावा. पानाच्या चालकाने लपवलेल्या प्रतिक्रिया तरीही दिसणार नाहीत, हे गृहीत धरावे. मग प्रतिक्रिया सोडून माणसे मोजावीत. प्यूच्या २०१९ च्या पाहणीत ट्विटर वापरणाऱ्या अमेरिकी प्रौढांपैकी सर्वांत जास्त लिहिणाऱ्या १० टक्क्यांनी ८० टक्के ट्वीट लिहिलेली आढळली. त्यामुळे ६०० प्रतिक्रियांमागे दीडशे-दोनशेच माणसे निघाली तर चकित होऊ नये. शब्दशः सारखा मजकूर एकदाच धरावा, पाच-दहा मिनिटांत एकगठ्ठा आलेला मजकूर वेगळा काढावा. 'राहणार नाशिक' असे लिहिलेला माणूस दहा वर्षे पुण्यात किंवा दुबईत असू शकतो, म्हणून त्या ओळीवर विसंबू नये. मजकुरात गल्ली, वेळ, दुकान, बसथांबा असा तपशील आहे का, ते पाहावे.

मतांची वर्गवारी यंत्रावर सोपवण्याचा मोह आवरावा. 'वा, काय विकास चाललाय! लय भारी' हे वाक्य यंत्र हमखास कौतुकात टाकते. बरेच लोक मराठी रोमन लिपीत लिहितात, एकच शब्द चार तऱ्हांनी. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तेच २०० मजकूर 'बाजूने', 'विरोधात', 'भलतेच' अशा तीन खान्यांत टाकावेत. पाचात एकापेक्षा जास्त ठिकाणी दोघांचे जुळले नाही, तर खान्यांच्या व्याख्या ढिल्या आहेत. 'भलतेच' हा खाना सहसा सर्वांत मोठा निघतो. स्थानिक चर्चा तिसऱ्या प्रतिक्रियेपर्यंत खड्ड्यांवर आणि पाचवीपर्यंत नगरसेवकांवर गेलेली असते.

इतके करूनही हाती येते ते लिहिणाऱ्यांचे मत. लिहिणाऱ्यांत पुरुष ८५ टक्के असले तर बायकांच्या मतांना जास्त वजन देऊन तोल साधता येईल का? थोडासा. पण जाहीर वादात उतरणारी बाई आणि न उतरणारी बाई यांची मते सारखी असतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. नेमकी तीच गोष्ट आपल्याला माहीत नसते.

शहराचे मत हवे असेल तर दारोदार जावे लागते, आणि ते वाटते तितके महाग नाही. मतदार यादी हा हाताशी असलेला सर्वांत चांगला पाया. पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड या सहा विभागांच्या क्रमाने सगळे यादी भाग (एकेका मतदान केंद्रापुरते यादीचे तुकडे) एकाखाली एक लावावेत आणि मतदारांची चढती बेरीज करत जावी. एकूण १० लाख आले आणि ४० भाग हवे असतील, तर अंतर २५,०००. एक ते २५,००० मधला एक आकडा चिठ्ठीने काढावा, तिथून दर २५,००० व्या मतदाराचा भाग घ्यावा. मोठा भाग निवडला जाण्याची शक्यता आपोआप जास्त राहते आणि सहाही विभाग त्यांच्या आकाराप्रमाणे येतात. प्रत्येक भागातून ठरावीक अंतराने १५ नावे काढावीत. मृत, स्थलांतरित आणि नकार देणारे वजा जाता साधारण १० मुलाखती होतात, एकूण ४००.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'दहा झाल्या, आता बास' या वृत्तीमुळे. त्याने घरी सहज सापडणारेच नमुन्यात येतात, म्हणजे ऑनलाइन झालेली चूकच वेगळ्या दाराने आत येते. पंधराही नावांचा पाठपुरावा करावा, किमान तीन खेपा. त्यातली एक रविवारी आणि एक संध्याकाळी सहानंतर, नाहीतर पाळीवाला कामगार कायमचा सुटतो. शेजारचा 'मला विचारा की' म्हणाला तरी त्याला बदली घेऊ नये. नवऱ्याने बायकोच्या वतीने दिलेले उत्तर लिहू नये. एक माणूस दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त चांगल्या मुलाखती घेऊ शकत नाही. पाच जणांना आठ ते दहा दिवस लागतात.

४०० च्या नमुन्याची चूक पाठ्यपुस्तकात अधिक-उणे ५ टक्के दिलेली असते. एका भागातले शेजारी थोडेफार सारखा विचार करतात, म्हणून आपल्या ४०० चे खरे मोल पावणेतीनशेच्या आसपास भरते आणि चूक ६ टक्क्यांवर जाते. ती मथळ्याखालीच छापावी. यादीतही भोक आहेच. अंबडला खोली घेऊन राहणारा, उत्तर प्रदेशातून किंवा खानदेशातून आलेला आणि नाव गावाकडेच असलेला कामगार तिच्यात नाही. त्याच्यासाठी निवडलेल्या भागातल्या भाड्याच्या खोल्यांची वेगळी यादी करून त्यातून माणसे काढावी लागतात.

प्रश्नाचे शब्दही मत हलवतात. 'अतिक्रमण हटवावे का?' आणि 'ठरवून दिलेल्या जागेवर बसू द्यावे का?' या दोन्हींना 'हो' म्हणणारी माणसे भरपूर सापडतील. म्हणून २०० जणांना एक आणि २०० जणांना दुसरा असे चिठ्ठीने वाटून विचारावे. तफावत मोठी आली, तर शहराचे मत अजून बनलेलेच नाही, असे समजावे. शेवटी एक जोडप्रश्न टाकावा: गेल्या महिन्यात स्थानिक बातमीखाली काही लिहिले का? नेमक्या फेरीवाल्यांच्या पोस्टबद्दल विचारले तर ४०० मध्ये दोनच माणसे निघतील. व्यापक विचारले तर लिहिणारे आणि न लिहिणारे यांची तुलना करण्याइतके हाती लागू शकतात.

मग त्या ५,००० जणांच्या प्रतिक्रियांचे करायचे काय? कोणती मते आहेत, हे त्या उत्तम सांगतात. ती किती जणांची आहेत, हे सांगत नाहीत. त्यांना मतदानासारखे न वागवता, महापालिका 'हरकती व सूचना' मागवते तसे वागवावे. तिथे एकाच नमुन्याची हजार पत्रे आली तरी मुद्दा एकच असतो, आणि एकट्या माणसाने दाखवलेली त्रुटी खरी असेल तर आराखडा बदलावा लागतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने मोजदाद आणि प्रतिनिधित्व या दोन गोष्टी अशाच वेगळ्या केल्या आहेत. विक्रेत्यांचे सर्वेक्षण किमान पाच वर्षांतून एकदा करायचे, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत.

प्रतिक्रियांतून तपासता येतील अशी विधाने वेचून काढावीत. 'संध्याकाळी मेन रोडवर रुग्णवाहिका शिरत नाही' असे एकानेच लिहिले असेल. ते बहुमताने ठरत नाही. संध्याकाळी सहा ते आठ, एक सणाचा आणि एक साधा असे दोन दिवस, रस्त्यावर तीन ठिकाणी मोकळी रुंदी टेपने मोजावी. दुकानांचे वाढवलेले ओटे, लावलेल्या दुचाकी आणि हातगाड्या यांनी अडवलेली जागा वेगवेगळी लिहावी.