राजाच्या स्पॅनियलला संसदेत मुभा? असा कायदाच नाही

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने फर्मान काढून या कुत्र्यांना कुठेही, अगदी संसदेतसुद्धा, मोकळीक दिली आणि तो कायदा अजून लागू आहे म्हणे. ऐकायला झकास, पण खोटं. लोक सारखे विचारतात म्हणून ब्रिटिश संसदेनेच कसून शोध घेतला. असा कायदा नाही, हे तिने जाहीरही केलंय.

राजाला कुत्र्यांचं वेड मात्र होतंच. नौदलाचा कारभार पाहणारा सॅम्युअल पेपिस सप्टेंबर १६६७ मध्ये रोजनिशीत वैतागून लिहितो, की महाराज कामकाज सोडून सगळा वेळ कुत्र्याशी खेळत बसले होते!

खरी गंमत पुढेच आहे. आजचा कॅव्हेलियर ही जात राजाच्या काळची नाहीच. एकोणिसाव्या शतकात चपट्या नाकांची फॅशन आली आणि जुन्या चित्रांतला लांब नाकाचा स्पॅनियल दिसेनासा झाला. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने क्रफ्ट्स या ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात जुन्या वळणाच्या कुत्र्यांसाठी २५ पौंडांचं बक्षीस लावलं. १९२८ मध्ये या कुत्र्यांचा क्लब निघाला, १९४५ मध्ये केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेने ती स्वतंत्र जात मानली.

पिल्लू घ्यायचं असेल तर शाही वंशावळ राहू द्या, त्याच्या आईबापांची हृदयतपासणी झालीय का ते विचारा. हृदयाच्या झडपेचा आजार या जातीत फार आढळतो.