इथिलीन ग्लायकॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल: कॅनमध्ये नेमकं काय आहे?

दोन्ही द्रव रंगहीन, जवळजवळ बिनवासाचे, किंचित दाटसर आणि गोडसर. दोन्ही पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतात आणि पाणी गोठू देत नाहीत. रेणूंत फरक एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा. पण प्रोपिलीन ग्लायकॉल औषधांत आणि खाद्यपदार्थांत चालतं, तर इथिलीन ग्लायकॉल अर्धा कपभर पोटात गेलं तरी मोठ्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

हा फरक यकृतात पडतो. एकच विकर (एन्झाइम), अल्कोहोल डिहायड्रोजनेज, दोघांवर काम करतं. प्रोपिलीन ग्लायकॉलपासून मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार होतं. ते स्नायूही रोज बनवतात आणि शरीर त्याची विल्हेवाट लावतं. इथिलीन ग्लायकॉलपासून आधी ग्लायकॉलिक आम्ल बनतं आणि रक्ताची आम्लता वाढते. पुढे ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं, ते रक्तातल्या कॅल्शियमला धरतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत अडकतात.

सुरुवातीला माणूस फक्त दारू प्यायल्यासारखा वाटतो, आणि इथेच घात होतो. मूत्रपिंडं बंद पडायला एक ते तीन दिवस लागू शकतात. म्हणून लक्षणांची वाट पाहू नका, उलटी करवू नका. डबा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. फोमेपिझोल हे औषध त्या विकरालाच अडवतं, पण ग्लायकॉलचं आम्ल होण्याआधी दिलं तरच त्याचा पुरेपूर उपयोग. उशीर झाला असेल तर डायलिसिसवर भिस्त.

प्रोपिलीन ग्लायकॉलही बेहिशेबी घ्यायची वस्तू नाही. अन्नातली स्वीकार्य मर्यादा रोज दर किलो वजनामागे २५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दीड ग्रॅम. लोराझेपाम या गुंगीच्या औषधाच्या इंजेक्शनात ते द्रावक म्हणून असतं; मोठे डोस दिवसेंदिवस शिरेतून चालू राहिले तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. तान्ही बाळं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्याबाबत जास्त जपावं लागतं. मांजरांच्या तांबड्या पेशींना ते बाधतं, म्हणून त्यांच्या खाण्यात नको.

औषधासाठी औद्योगिक प्रतीचा माल कधीच वापरू नये. औषधी प्रतीत इथिलीन आणि त्याच्याच जातीच्या विषारी डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ ०.१ टक्क्याच्या आत आहे का, हे तपासलेलं असतं. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधात द्रावक म्हणून डायइथिलीन ग्लायकॉल घातलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली.

कूलंटमध्ये, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवात, मात्र इथिलीन ग्लायकॉल सरस. पाण्यात निम्मं मिसळलं तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. प्रोपिलीनचं तसंच मिश्रण उणे ३३च्या आसपास. जास्त घातलं की जास्त संरक्षण, हा समज चुकीचा: शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३लाच गोठतं. शुद्ध प्रोपिलीन २५ अंशांना इथिलीनच्या सुमारे अडीचपट घट्ट, म्हणजे वाहायला जड, त्यामुळे पंपावर भार येतो. तरीही गळती अन्नात किंवा पिण्याच्या पाण्यात जाऊ शकेल तिथे प्रोपिलीनच हवं.

मिश्रण मोजताना रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो ते पाहून प्रमाण सांगणारं उपकरण) त्या-त्या ग्लायकॉलचीच पट्टी वाचा. प्रोपिलीनसाठी घनता मोजणारा हायड्रोमीटर नको: ७० टक्क्यांच्या पुढे मिश्रणाची घनता पुन्हा उतरते, त्यामुळे एकाच आकड्याचे दोन अर्थ निघतात. प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेलं की जंतू वाढतात. जड पाणी घातलं तर गंजरोधकं साक्यासारखी खाली बसतात, म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरा.

ओळखायचं कसं? रंगावरून नाही, तो कंपनीने मिसळलेला असतो. चव तर अजिबात घेऊ नये. लेबलवर कॅस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, पाहा: इथिलीन १०७-२१-१, प्रोपिलीन ५७-५५-६. २० अंशांना १०० मिली शुद्ध इथिलीन १११ ग्रॅम भरतं, प्रोपिलीन १०४. पाणी मिसळलेलं असेल तर हे वजन फसवतं, आणि लेबल नसलेला कॅन इथिलीनचाच समजून बाजूला ठेवावा.